रेघी

सुताराच्या रागाची गल्लीत ख्यातीच होती. खिळा वाकडा गेला तर तो खिळ्याला शिव्या द्यायचा, फळी फाटली तर ते झाड तोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एकदा दरवाजा नीट बसेना म्हणून त्यानं तो दरवाजाच कुऱ्हाडीनं फोडला होता, आणि मग मुकाट्यानं नवा करून दिला होता. पण गच्चीवरच्या कबुतरांपुढे हाच माणूस लोण्याचा गोळा व्हायचा. पन्नाशी उलटली तरी लग्न केलं नव्हतं. तळमजल्यावर त्याचा कारखाना, मधल्या मजल्यावर धाकटी बहीण आणि तिचा नवरा, आणि वर गच्चीला लागून त्याची एक खोली. खोलीपेक्षा कबुतरांचं खुराडं मोठं होतं. "माणसांना बसायला धड खुर्ची नाही आणि पाखरांना महाल," असं बहीण म्हणायची.

त्या दिवशी उजाडता उजाडता तो दाण्यांचा डबा घेऊन बाहेर आला आणि पायाला काहीतरी चिकट लागलं. पिसं. रक्तात भिजलेली. खुराड्याची जाळी कोपऱ्यात उचकटलेली होती. आत काही कबुतरं माना मोडून पडली होती, एकाचं पोट फाडलेलं होतं, आणि उरलेली वरच्या दांडीवर एकमेकांना चिकटून बसली होती, घुमणंसुद्धा विसरून. कठड्यावर मांजर उभं होतं. तोंडात त्याची लाडकी पांढरी मादी, अजून एक पंख हलवणारी.

केवढं दांडगं जनावर! अंग राखाडी-तपकिरी, आणि कुशीवर काळाभोर जाड पट्टा गोल गोल फिरत मध्ये एका ठिपक्यापाशी थांबलेला. फळीत गाठ असली की तिच्याभोवती लाकडाच्या रेषा फिरतात ना, हुबेहूब तसा. सुतारानं डबा फेकून मारला. मांजरानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारच्या छपरावर उतरलं. पळालं नाही, उतरलं.

तळपायाची आग मस्तकात घेऊनच तो जिना उतरला. बहीण चहा गाळत होती. तिचा नवरा रंगारी होता, घरांच्या भिंती रंगवायचा. सुतार त्याला दाजी म्हणायचा. दाजी खिडकीत बसून ब्रश पुसत होता. माणूस म्हणजे गरीब गाय. बायको ओरडली तरी हसायचा, मेहुणा ओरडला तरी हसायचा.

"तुझ्या मांजरानं माझी पांढरी नेली," सुतार दारातूनच गरजला.

"रेघीनं?" बहीण म्हणाली. "अरे दादा, ती आत्ता कुठे बाहेर गेली. तोवर माझ्या पायांवर पसरली होती. अजून मुंग्या जायच्यात माझ्या पायांतल्या."

"मी डोळ्यांनी पाहिलंय. पट्ट्यांचं मांजर होतं. कुशीवर हा एवढा भोवरा, गाठीसारखा."

"मग तर रेघी नाहीच," बहीण म्हणाली. "तिच्या अंगावर भोवरा कुठाय? कंगवा फिरवल्यासारख्या बारीक रेघा आहेत नुसत्या, पाठीपासून पोटापर्यंत. म्हणून तर रेघी म्हणतो. आणि गेला आठवडाभर तिचं लक्ष थाऱ्यावर नाही, येते, खाते, जरा पडते आणि कुठेतरी गडप होते. व्यायली असणार कुठेतरी. ती कशाला तुझ्या कबुतरांच्या मागे लागेल?"

"पट्टे ते पट्टे. जात एकच."

"दादा, मी जाळी नीट करून देऊ का?" दाजीनं विचारलं.

"तुम्ही मांजर बांधा दाजी. जाळीचं मी बघतो."

पण जाळी बाजूला ठेवून त्यानं आधी सापळा केला. लांबट पेटी, वर सरकून खाली आपटणारं दार, आत खटका. मन लावून केला. कडा घासल्या, दार खाचेत लोण्यासारखं सरकेल असं बसवलं. पोट फाटलेलं कबुतर खटक्याला बांधून तो गच्चीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो खोलीत जेवत होता तेव्हा दार आपटल्याचा आवाज आला. ताटावरून तो तसाच उठला.

फटीतून पाहिलं तर आत रेघी होती. बारीक, सरळ, एकमेकींना न चिकटणाऱ्या रेघा. कपाळावर दोन शिखरांच्या डोंगरासारखी काळी खूण. शेपटीला कडी. भोवरा नाही, गाठ नाही. लाकूड ओळखण्यात ज्याचा जन्म गेला त्याला गाठीची फळी आणि सरळ रेषांची फळी यांतला फरक कळला नसेल, असं कुणी म्हणू नये. कळला होता. पण ती त्याच्या कबुतराचं मांस खात होती, दात आत रुतवून, डोळे मिटून, कित्येक दिवसांच्या उपाशासारखी. तेवढं त्याला पुरलं.

त्यानं दार उचलून आत हात घातला. रेघीनं मनगट असं फाडलं की आतलं पांढरं दिसलं. त्यानं हात सोडवला नाही. मागचे पाय धरून तिला बाहेर ओढलं आणि कठड्यावर आपटलं. ती ओरडली. तो आवाज मांजराचा वाटत नव्हता. त्यानं पुन्हा आपटलं, आणि पुन्हा, आवाज बंद झाल्यावरही. मग हातातलं ओझं खाली टाकलं. ती उताणी पडली. पोटावरचे सड फुगलेले होते, भोवतालचे केस चोखून चोखून ओले झालेले.

सुतार ते बघत उभा होता, तेवढ्यात दाजी वर आला. अनवाणी, गालावर चुन्याचे शिंतोडे. त्यानं रेघीकडे पाहिलं. मग सुताराच्या हाताकडे. दाराला अडसर म्हणून लावायची लोखंडी पहार तिथंच टेकलेली होती, ती त्यानं उचलली, आणि हसऱ्या तोंडाच्या या माणसानं पहिला घाव खुराड्याच्या खांबावर घातला.

"दाजी!" सुतार ओरडला.

दुसऱ्या घावाला छप्पर खचलं. जी कबुतरं सुटली ती सुटली. जी फळ्यांखाली आली त्यांची हाडं काड्यांसारखी मोडल्याचं ऐकू आलं. दाजी थांबेना. तो रडत होता आणि मारत होता. सुतारानं मागून त्याची मान धरली. दाजीनं कोपर मारून त्याचा जबडा हलवला. दोघंही पिसांवरून घसरून पडले, एकमेकांच्या अंगावर, रक्तात. सुताराच्या कमरेला पटाशी होती. लाकूड तासायची, केस कापेल अशी धार लावलेली. ती हातात कधी आली हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. ती दाजीच्या उजव्या खांद्याखाली घुसली तेव्हा मात्र त्याला नीट जाणवलं. ओल्या लाकडात जाते तशी ती आधी अडली, मग गेली.

मग त्याच्या डोक्यात वीज पडली. बहीण कढई घेऊन वर आली होती. तिनं पहिला फटका मारला तो कानामागे, दुसरा पाठीत, आणि तिसऱ्याला कढईचा कान निखळला. "माझा नवरा मारतोस? माझा नवरा मारतोस तू?" एवढंच ती म्हणत होती. सुतार गुडघ्यांवर आला. डोळ्यांत रक्त उतरलं होतं.

आणि त्याच रक्तातून त्याला दिसलं. शेजारच्या छपरावरून ते दांडगं मांजर कठड्यावर आलं. तीन माणसं, आरडाओरडा, कशाचीही त्याला फिकीर नव्हती. मोडक्या फळ्यांपाशी पंख तुटलेलं एक कबुतर फरपटत होतं. मांजर खाली उतरलं, त्याच्या मानेत दात रुतवले, झटका दिला, आणि वळलं. वळताना पूर्ण कूस उन्हात आली. काळा जाड पट्टा, गोल गोल, मध्ये ठिपका.

तिघंही बघत राहिले. बोकोबा आले तसे निघून गेले.

"बघ," बहीण म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "नीट बघ आता."

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, हे कसं झालं. सुताराची पाचावर धारण बसली. दाजी पांढराफटक पडला होता, पण शुद्धीत होता. "कारखान्यात मेहुण्याला मदत करत होतो," तो म्हणाला. "पटाशी निसटली. त्यांच्याही डोक्यावर फळी पडली." डॉक्टरनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, सुताराच्या मनगटावरच्या नखांच्या जखमेकडे जरा जास्तच पाहिलं, आणि टाके घालायला घेतले. बहीण भिंतीकडे तोंड करून बसली होती.

जखम भरली. शीर मात्र तुटायची ती तुटलीच होती. दाजीचा उजवा हात छातीच्या वर जाईना आणि दोन बोटं मिटेनात. रंगाऱ्याचा हात वर जात नसेल तर त्यानं काय नुसती खालची जोती रंगवायची?

बहिणीनं त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आला तर ती भिंतीला लागून उभी राही, परक्याला वाट द्यावी तशी. नवऱ्याशी बोलताना 'तुमचे ते सुतार' म्हणे. दादा हा शब्द तिच्या तोंडातून गेला तो गेलाच.

पिलं सुताराच्याच कारखान्यात निघाली. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर तो सुन्न होऊन खाली बसला होता, तर फळ्यांच्या ढिगामागून बारीक चिवचिव ऐकू आली. भुशात रेघीनं खळगा केला होता. एक पिलू थंड पडलं होतं. दोन जिवंत होती, डोळे अर्धवट उघडलेली. एकाच्या अंगावर आईसारख्या बारीक रेघा. दुसऱ्याच्या कुशीवर, अजून केस धड वाढले नव्हते तरी, स्पष्ट दिसत होता काळा भोवरा.

त्यानं ते दुसरं उचललं. मुठीत मावलं. अंगठा आपोआप त्याच्या मानेवर गेला. गच्चीवरचा तो बोका बाप असणार, यात शंकाच नव्हती. एवढीशी मान, नुसता दाब द्यायचा अवकाश. पिलानं त्याच्या अंगठ्याला तोंड लावलं आणि चोखायला लागलं. अंगठ्यावर त्याच्या आईचं रक्त वाळलेलं होतं.

सुतारानं मूठ सैल सोडली आणि अंगातला शर्ट काढला.

दोन्ही पिलं शर्टात गुंडाळून तो मधल्या मजल्यावर गेला. दार बहिणीनं उघडलं. तिनं शर्ट घेतला, उघडून पाहिलं. भोवऱ्याच्या पिलावर तिची नजर अडली, मग पिलाच्या ओठाला लागलेल्या रक्तावर. तिनं पदरानं ते पुसलं आणि दार लावून घेतलं.

खुराडं त्यानं पुन्हा बांधलं नाही. सुटलेली कबुतरं चार दिवस गच्चीवर घिरट्या घालत राहिली आणि मग दिसेनाशी झाली. सापळा त्यानं फोडून चुलीत घातला. त्याच्या रागाचं काय झालं, असं गल्लीतले विचारत. राग कुठे जातो? होता तसाच होता. फक्त आता तो भडकला की सुतार हातातला रंधा खाली ठेवून द्यायचा.

पावसाळा सरल्यावर दाजीला एका मोठ्या घराचं काम आलं. तो नाही म्हणून सांगायला निघाला होता. जिन्यात सुतार आडवा आला.

"वरचं मी करतो," तो म्हणाला. "तुम्ही खालून सांगा."

"ब्रश धरता येतो का?" दाजीनं विचारलं.

"शिकेन."

तसे ते दोघं कामाला जाऊ लागले. सुतार शिडीवर, दाजी खाली. शिडीचा पाय तो डाव्या हातानं धरून उभा राही. "डावीकडे राहिलंय. एवढा जाड नको. कोपऱ्यात ओघळ आलाय, डोळे फुटलेत का?" सुतार मान खाली घालून ऐके. सात पिढ्या उद्धरणारं त्याचं तोंड आता फक्त 'हो' म्हणायचं.

एका दुपारी, जिन्याच्या वरची उंच भिंत रंगवताना, शिडी हलली. जराशी नाही, एका बाजूनं उचलली गेली आणि पुन्हा टेकली. सुताराचा ब्रश हातातून सुटला आणि खोल खाली दाजीच्या पायांशी जाऊन पडला. त्यानं दोन्ही हातांनी शिडी कवटाळली आणि खाली पाहिलं. दाजी वर बघत होता. तोंडावर हसू नव्हतं.

"भीती वाटली?"

"हो."

"वाटू दे," दाजी म्हणाला. मग वाकून, न मिटणाऱ्या बोटांनी धडपडत, त्यानं ब्रश उचलला आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून डाव्या हातानं वर धरला. "घे. वाळायच्या आत तो कोपरा उरकून टाक."