उघडच आहे

पिनेला गंज चढला होता. पान उलटताना तिचा तांबूस डाग बोटाला लागला आणि सरांनी तो पँटला पुसला – पुसतच राहिले, कारण समोर बसलेल्या विद्यार्थिनीने सातव्या पानावर पेन्सिल टेकवली होती. त्यांचाच जुना लेख, त्यांचीच ओळ : ‘हा वक्र अखंड आहे, हे उघडच आहे.’

“सर, उघड कसं? मला तर दिसतच नाहीये.”

दिसणार कसं, बाई... असेल तर दिसेल ना! बहुपदींनी सगळं प्रतल हलवलं की एका सरळ रेषेवर जे जे बिंदू येऊन पडतात, त्या साऱ्यांचा मिळून हा वक्र. तो एकसंध असला तर पुढचं सगळं सुतासारखं सरळ. पण त्याचे दोन तुकडेही असू शकतात, आणि मग सगळंच बोंबललं. हे त्यांना कळलं अकरा वर्षांपूर्वी, दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेले असताना – तेव्हा बोलता येत नव्हतं हे खरं, पण नंतर? नंतर कोणी तोंडात बोळा कोंबला होता? घरी बायकोने विचारलं, “फार दुखलं का हो?” आणि हे म्हणाले, “छे, काही नाही.” तेवढ्यावरच भागलं. मग लोक त्या लेखाचा आधार घेऊ लागले, मान वाढला, आणि मग ही आली, तीन वर्षं याच एका ओळीवर आपल्या प्रबंधाचे मजले चढवत... लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

“दोन आठवडे डोकं फोडतेय,” ती कसंनुसं हसली. “मैत्रीण म्हणते, सरांनी उघड म्हटलंय ना, मग तुझीच अक्कल कमी पडतेय. माझंच कुठेतरी चुकतंय, हो ना सर?”

बोल आता. दोनच शब्द आहेत – माझं चुकलं. आणि एकदम त्यांना आठवलं, ही सातव्या पानापाशी आली की दर वेळी आपण म्हणायचो, “ते सोड गं, पुढे चल.” का म्हणायचो? हुशार विद्यार्थी मिळू दे, असं जन्मभर बोलत आलो मी. आणि ही मिळाली तेव्हा मनातल्या मनात, रोज, अगदी रोज, मला वाटत राहिलं की हिला जरा कमी कळावं... ओळ चुकली ते एक वेळ ठीक, माणसाच्या हातून चुका होतात. पण हे?

आणि ती समोर बसून, स्वतःलाच दोष देत, सरांच्या उत्तराची वाट पाहत होती.