ओळीच्या कडेचा शब्द

मी विमा कंपनीत दाव्यांचे अर्ज तपासते. ढीग उरकेना, म्हणून साहेबांनी मला भरभर वाचायला शिकवणाऱ्या वर्गाला धाडलं. तिथल्या बाई सांगायच्या, "ओळीच्या कडा सोडा, मधलं टिपा, अर्थ आपोआप कळतो." परीक्षेत माझी दहाच्या दहा उत्तरं बरोबर आली. मी हवेतच होते.

त्याच आठवड्यात ताईचं पत्र आलं. दोन वर्षं आमचा अबोला होता. मी ते चार सेकंदांत वाचलं, रजा टाकली आणि बॅग घेऊन थेट तिच्या दारात उभी राहिले.

"तू कशी काय?" तिनं दार उघडून विचारलं.

"कशी काय म्हणजे? तूच बोलावलंस ना!" माझं डोकंच फिरलं. मी पत्र तिच्यासमोर नाचवलं.

"बोट ठेवून वाच."

मी बोट ठेवून वाचलं. 'तू चार दिवस राहायला यावंस, असं मला वाटत नाही.' ते मेलं 'नाही' ओळीच्या अगदी कडेला बसलं होतं.

मला काही सुधरेना. परत फिरावं की भांडावं? तेवढ्यात आतल्या खोलीत दुसरी खाट दिसली. धुतलेली चादर आणि मला लागतात तशा दोन उशा.

"मग हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी." ताईनं माझ्या हातातली बॅग ओढून घेतली. "माझं एक तरी वाक्य कधी शेवटपर्यंत ऐकलंयस का?"