गप्प झालेली टाकी

शिनचू शहरात यंत्र म्हटलं की त्यावर हिरवी पुडी आलीच. मक्याच्या कुरकुऱ्यांची, नारळाच्या चवीची. ती ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं म्हणतात. पुडी हिरवीच हवी, पिवळी ठेवलीत तर यंत्र रुसतं. हसा खुशाल! इथले मोठमोठे इंजिनिअरसुद्धा तिच्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत.

फान यूए-ची ही तिथे नाजूक यंत्रं बांधून पाठवण्याचं काम बघायची. त्या दिवशी सकाळी तिने एक भलंमोठं सूक्ष्मदर्शक ताइनानच्या प्रयोगशाळेकडे रवाना केलं, सोबत द्रव नायट्रोजनची टाकी. गाडीवर तिचा धाकटा भाऊ शाओ-तिंग. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ताईने हाक मारली की तो अजूनही हातातला घास टाकून उठायचा, आणि तिला तर त्याच्याशिवाय दुसरं होतं कोण?

दुपारी महामार्गावरच्या थांब्यावरून त्याने फोटो पाठवला. तिने तो मोठा करून पाहिला. त्या टाकीचं झाकण मुद्दाम सैल असतं. आतल्या द्रवाचा सतत वायू होत असतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. या शहाण्याने नेमकी झाकणावरच पुडी दाबून मानेभोवती रुंद चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे दिले होते.

तिने फोन लावला.

"ताई, पाहिलास फोटो? झाकण सारखं खडखडत होतं, फुसफुस चालली होती. पुडी बसवली आणि बघ, चिडीचूप! कशी गुणी बाळासारखी बसलीय."

भर उन्हात, तोंड बंद, एवढा रस्ता हादरे खात. झाकण आता उडालं तर समोरच्याचं डोकं जागेवर राहायचं नाही. अशा वेळी टाकीला बोटही लावायचं नाही, माणसं लांब न्यायची, अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. हे तीच नव्या ड्रायव्हरांना शिकवायची. पण भावाशी बोलताना तिच्या तोंडून आधी यायचा तो राग.

"अरे गाढवा, तोंडावर चिकटवायला कुणी सांगितलं होतं? अक्कल गहाण ठेवलीस का? जीव कोंडला ना त्या टाकीचा!"

"अगं, चिडू नकोस ना."

"चिडू नको काय? आत्ताच्या आत्ता तिथून..."

"काढतो, काढतो! मागेच उभा आहे. हे बघ, दारही उघडलं."

"नको! शाओ-तिंग, हात लावू नकोस! लांब पळ!"

पण दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून त्याने फोन गाडीत खाली ठेवला होता. पट्टी सोलल्याचा आवाज येऊ लागला, चर्र, चर्र, घाईघाईचा. ताई रागावली होती ना. यूए-ची जिवाच्या आकांताने ओरडत होती. खोकी बांधणाऱ्या बाया काम टाकून तिच्याकडे बघत राहिल्या.

धाडकन स्फोट झाला. मग कुणी परकं माणूस किंचाळलं.

फोन चालूच होता. यूए-ची त्यात अगदी हळू आवाजात म्हणत होती, "राहू दे रे, काढू नकोस. मी नाही रागावले."