खोल पोटाची बोट

शेंडी न काढलेला नारळ.

पाच गुणिले पाऊण.

हजारो हातांनी गुळगुळीत केलेला लाकडी कठडा.

कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक, आणि केबिनमध्ये नऊवारी नेसून खिदळणारी बाई.

वाकटीचं कालवण.

"मंग उतरायचं कुठं?"

हे सगळं एका दोऱ्यात ओवायचं तर सुरुवात जानकीबाईपासून करावी लागेल.

भिवंडीजवळ काल्हेरच्या खाडीत जानकीबाईच्या नवऱ्याचा, काळूरामचा, पडाव होता. पेंढा, रेती, विटा, मिळेल ते वाहणारी शिडाची होडी. तीस वर्षं जानकीबाई त्या पडावावर बसली, आणि तीस वर्षांत दोन्ही काठ दिसले नाहीत असं एकदाही झालं नाही. डावीकडे कोणाची तरी म्हैस. उजवीकडे कोणाची तरी सासू, धुणं आपटता आपटता ओरडून विचारणारी, "कुठं चाललीस गो?" म्हणजे पाण्यात जाऊनही सुटका नाही!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काळूराम म्हणाला होता, "तुला एकदा बिनकाठाचं पाणी दावीन."

मग गाय व्यायली. मग शीड फाटलं. मग मुलींची लग्नं. मग ट्रक आले आणि पडाव विकला गेला. दर वर्षी जानकीबाई या गोष्टीवरून नवऱ्याची टर उडवायची. या वर्षी तिने टर उडवली नाही. काळूराम बोटींची चौकशी करू लागला.

दोन बोटी

गोव्याच्या सफरीच्या दोन बोटी आहेत अशी बातमी पुतण्या दौलतने आणली. दौलत भिवंडीत लूमच्या कारखान्यात कारकून. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं आणि ते तो बोलताना पुढे धरत असे. ओळख काढून त्याने दोघांना मुंबईच्या गोदीत नेलं.

पहिली बोट पांढरीशुभ्र. आत यंत्रातून गार वारा. भाडं ऐकून काळूरामने टोपी काढली आणि परत घातली.

दुसरी "कलावती". एके काळी लोकांना आफ्रिकेला नेणारी, दोन उंच धुराड्यांची, विलायतेत बांधलेली. आता म्हातारपणी निम्म्या भाड्यात गोव्याच्या फेऱ्या मारत होती, आणि ही फेरी झाली की भंगारात जाणार होती.

"काका, हिच्यात काय हाय? गंज हाय," दौलत म्हणाला. "ती बघा, नवी. सिनेमा दाखवतात."

"सिनेमा भिवंडीत हाय," काळूराम म्हणाला आणि कलावतीच्या नाकाशी जाऊन उभा राहिला. तिथे खालपासून वरपर्यंत, बोट पाण्यात किती बुडते त्याचे आकडे रंगवले होते. तो मान वाकडी करून वाचत राहिला, मग एखाद्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याने लोखंडावर थाप मारली. "हिचं पोट लय खोल हाय. ही काठाला जाऊच शकत न्हाय. ती पांढरी किनारा धरून जाईल, दिवसभर माडच दाखवील."

जानकीबाई हे ऐकत नव्हती. ती जिना चढून वर गेली होती आणि कठड्यावर हात फिरवत होती. सागवान होतं, रंग उडालेलं, पण जात्याच्या खुंट्यासारखं मऊसूत. किती बाया इथे हात ठेवून उभ्या राहिल्या असतील! तिने खाली ओरडून सांगितलं, "हीच! दुसरी दाखवू नका!"

त्यानंतर

सफरीची तारीख तीन दिवस पुढे गेली. बोटवाल्यांनी तिकिटावर नव्या तारखेचा शिक्का मारून दिला. वेळ होती तीच: दुपारी एक.

काळूरामने तिकीट बघितलं आणि पंचांग काढलं. "आधी द्वितीया होती, भरती दीडला, तवा एक चाललं असतं. आता पंचमी. तारीख हलली आन् वेळ न्हाय हलली?"

"काका, छापलंय ना!"

"छापणाऱ्याला भरती विचारून येत न्हाय. तिथीला पाऊणनं गुण, भरतीची वेळ निघते. पाच गुणिले पाऊण, पावणेचार. खोल पोटाची बोट भरतीबिगर हलंल कशी?"

पंचमीचा दिवस

सकाळी सात. जानकीबाई तयार. मांडीवर बोचकं, बोचक्यावर नारळ.

दहा. तशीच.

अकरा. काळूराम दाढी करतो.

साडेअकरा. दौलत दारात. "काकी, अजून इथंच? बोट सुटंल!"

बारा. काळूराम जेवायला बसतो. वाकटीचं कालवण, भात. काटे निवांत काढतो.

बारा दहा. "अवो," जानकीबाई म्हणते. तीस वर्षांत ती इतक्या हळू बोललेली नाही. "बोट चुकली तर ती पुन्हा न्हाय. भंगारात जाणार हाय."

"भात वाढ."

तिने भात वाढला. याच माणसाने तिला आजवर एकदाही चिखलात रुतवलं नव्हतं, तेवढ्या विश्वासावर.

पाऊण. भिवंडीहून कापडाच्या गाठी घेऊन निघालेला ट्रक दौलतने हात करून थांबवला. ड्रायव्हर म्हणाला, "चाची, कहाँ?"

"गोवा!" जानकीबाई म्हणाली.

"मैं तो मस्जिद बंदर जाऊँगा."

"चलेल, वाटेतच हाय!"

दौलत घड्याळ पुढे धरून मागे गाठींवर बसला. कशेळीच्या पुलावर त्याने ओरडून एक वाजल्याचं सांगितलं. त्यानंतर दर दहा मिनिटांनी तो काचेवर टकटक करून बोट किती लांब गेली असेल ते सांगू लागला. जानकीबाईला आधी रडू आलं, मग कशाने कोण जाणे हसू फुटलं, आणि ते शीवपर्यंत थांबेचना. ड्रायव्हरही हसायला लागला. काळूराम तेवढा समोरचा रस्ता बघत होता.

तीनला दहा कमी. गोदीचं फाटक.

दोन उंच धुराडी फाटकाच्या मागे जागच्या जागी उभी होती.

"टाइम एकचा होता," पहारेकरी म्हणाला.

"मंग ही का उभी?" काळूराम म्हणाला.

पहारेकऱ्याने कान खाजवला. "पाणी चढायचंय. पावणेचारला सुटंल."

दौलतने घड्याळावर बाही ओढून घेतली.

वर डेकवर बारापासून येऊन बसलेली माणसं वैतागून कागदांनी वारा घेत होती. जानकीबाई मात्र पोटभर जेवून, हसून हसून लाल झालेली. पडाव सुटण्याआधी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, ही घरची रीत. पण कलावतीची नाळ होती तीन माणसं उंच. जानकीबाईने धक्क्यावरच्या दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर नारळ आपटला आणि पहिलं खोबरं पहारेकऱ्याला दिलं.

पावणेचारला बोट हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाई कठड्याशी आली. डावीकडे बघितलं. म्हैस नाही. उजवीकडे बघितलं. कोणाची सासू नाही. मागे नाही, पुढे नाही. ती जागच्या जागी गिरकी घेत फिरली, पदर सुटला, पुन्हा फिरली.

"बघ," काळूराम म्हणाला. "काठ न्हाय."

"मंग उतरायचं कुठं?"

"उतरायचंय?"

"न्हाय गो बाई!" ती स्वतःलाच म्हणाली आणि तिसरी गिरकी घेतली.

पंचमीच्या दिवशी पहाटे, जानकीबाई उठायच्या आत, काळूराम भरतीच्या पाण्याची खूण बघायला तीनदा खाडीवर जाऊन आला होता.