मधुमालतीची भिंत

कुडव्यातल्या त्या घराची पश्चिमेची खोली म्हणजे भट्टी होती. दुपारभर भिंतीवर ऊन आणि भिंतीपलीकडे वीस पावलांवर राईस मिलची धडधड. दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात रंजिता बाळंत झाली, तेव्हा सासूनं, सुलोचनाबाईंनी, तिला तिथंच ठेवलं. कूलर समोरच्या खोलीत. "बाळंतिणीले गार हवा बाधते," एवढंच त्या म्हणाल्या. अकराव्या दिवशी पोर तापानं फणफणली, दूध ओढेना, सांजेला गेली. सुलोचनाबाई शेजारच्या धुरपताबाईला म्हणाल्या, "पोरगीच होती."

त्या पावसाळ्यात रंजितानं भिंतीच्या बुडाशी मधुमालती लावली, वर तारा ताणून दिल्या. रोज धुण्याभांड्यांचं पाणी तिलाच. तीन वर्षांत वेलीनं खिडकीसकट भिंत झाकली. मिलचा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येऊ लागला, आणि ऐन उन्हाळ्यात भिंत हाताला माठासारखी लागे. मग सुलोचनाबाईंनी आपली खाट तिथं आणली. सुनेला म्हणाल्या, "तू समोर नीज."

आणखी पाच वर्षांनी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जडावली. रंजिताचा नवरा लोकेश तिरोड्याच्या वीज प्रकल्पात, रविवारीच घरी येणारा. हगणं-मुतणं, भरवणं सगळं रंजिताकडे आलं. तिनं दोन महिने ते मुकाट केलं.

एप्रिलात एका सकाळी तिनं मनगटाएवढं खोड विळ्यानं कापलं. आठवड्यात पानं करपली. मग तिनं वेल तारांसकट ओढून काढली.

"वाळवी लागली," तिनं लोकेशला सांगितलं.

त्यानं खोडाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग आईची खाट समोर आणू का?"

"तेथं कूलर अंगावर येते. लकव्याच्या माणसाले बाधते."

त्याला पटलं.

मे लागला. दुपारी भिंतीला पाठ टेकवेना. मिल सुरू झाली की खाटेचे पाय थरथरत. सुलोचनाबाई म्हणायच्या, "डोस्कं फुटून रायलं वो. मले तिकडं ने." रंजिता ऐकून घ्यायची.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "येल तूच तोडली ना?"

"हो."

"काऊन?"

"माह्या पोरीसाठी."

म्हातारीनं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "कोनती पोरगी?"

रंजितानं तिचा चेहरा निरखून पाहिला. त्यात लबाडी नव्हती. तिला आठवतच नव्हतं. आठ वर्षं मनात घोळवलेलं बोलणं रंजिताच्या तोंडून निघालंच नाही. तिनं पाण्याचा गिलास स्टुलावर ठेवला, म्हातारीच्या उजव्या हाताशी, जो हलत नव्हता, आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर रोज दुपारी गिलास त्याच बाजूला असे. संध्याकाळी ती तो भरलेलाच उचली.

पाचव्या दिवशी दुपारी सुलोचनाबाई गेल्या. हाक मारली असेल तर ती मिलच्या आवाजात बुडाली. बायका जमल्या. धुरपताबाईनं रंजिताला जवळ घेतलं. "अशी सून नसीबानं भेटते वो," ती म्हणाली. रंजिताला रडू येत नव्हतं, आणि हलकंही वाटत नव्हतं. ती पदर तोंडाशी धरून बसली. मिल काही त्या दिवशी बंद ठेवली नव्हती. बायकांना आवाज चढवून रडावं लागलं.