खरं दही आणि सोंगाचं दही

“लोकांशी गप्पा कमी मार. नाहीतर दह्याचा गुण कोणता आणि तुझा कोणता, हे आपल्याला कळायचं नाही.”

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी घरोघरी दही पोचवणाऱ्या ताईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ताईनं मान हलवली आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. मी तिच्या खांद्यालाच होते, म्हणून ठाऊक.

मित्रांनो, मी आहे एक जुनी बर्फाची पेटी. माझी एक बिजागरी तारेनं बांधलेली आहे. कारखान्यात माझ्या दुहेरी भिंतींत फेस भरला, तेव्हाच माझं काम ठरलं. बाहेर ऊन असो की पाऊस, आतलं थंड राहिलं पाहिजे.

मॅडमना शोधायचं होतं, की दह्यातले जिवंत जंतू वयस्कर माणसांच्या पोटाला आणि भुकेला खरंच मदत करतात का. म्हणून निम्म्या लोकांना नेहमीचं दही, आणि निम्म्यांना जंतू तापवून मारलेलं. चव तीच, रंग तोच. कुणाच्या वाटणीला काय, ते ताईलाही माहीत नव्हतं.

दही खाणाऱ्यांपैकी घड्याळवाले काका एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत. दुकान बंद केलेलं, काकू गेलेल्या, मुलगा परदेशी. जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव. दार उघडताच विचारायचे, “काय गं, आज खरं दही की सोंग?”

“खाऊन तुम्हीच सांगा,” ताई म्हणायची आणि त्यांची वाटी रिकामी होईपर्यंत बसून राहायची. घरी लेकीला भरवायची सवय ना! मग लेकीचे दात, तिचा ताप, काकांची हट्टी गिऱ्हाइकं, असं बोलणं लांबत जाई. हळूहळू काका भाजी शिजत टाकून तिची वाट पाहू लागले. त्यांचा पट्टा घट्ट होऊ लागला.

अभ्यास संपला. जिवंत दही खाणाऱ्यांच्या पोटाच्या तक्रारी कमी झाल्या होत्या, पण थोड्याच. वजन सगळ्यांत जास्त वाढलं होतं काकांचं, आणि त्यांच्या वाट्याला आलं होतं सोंग.

“बघ, हे दह्यानं नाही वाढलेलं,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

अभ्यासाचं कौतुक झालं. ताईच्या फेऱ्या थांबल्या आणि मला कपाटावर चढवलं. माझ्या पोटात कुणीतरी जुन्या वायरी कोंबल्या.

काही महिन्यांनी, अभ्यासानंतरची एक शेवटची तपासणी आली, तेव्हा ताईनं वायरी काढून माझ्यात वजनकाटा ठेवला. काकांनी दार उघडायला फार वेळ लावला. सैल झालेला पट्टा आवळायला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं. ताईनं “जेवलात ना?” विचारलं. ते “हो” म्हणाले. पण ताईची नजर स्वयंपाकघरात गेली होती. सिंक कोरडं ठणठणीत होतं.

काट्यावर उभं राहून काकांनी विचारलं, “आता तरी सांग. खरं होतं की सोंग?”

ताईला खोटं बोलवेना. “सोंग होतं, काका.”

काका काट्यावरून उतरले. मग म्हणाले, “मग उद्यापासून सोंगच आण.”

ताई जाते, मला घेऊनच जाते. आता माझ्यात तिच्या घरचं साधं दही असतं. पण तिची नोकरी आहे, लेक लहान आहे. मधले दिवस सुटतात, आणि त्या दिवशी मला कपाटावर चैन पडत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या जिन्यात एखादं दार बरेच दिवस उघडलेलं दिसलं नसेल, तर आज ते वाजवा. जेवलात का, विचारा. “हो” म्हणाले, तरी लगेच फिरू नका. पाणी प्यायच्या निमित्तानं आत जा, आणि सिंक ओलं आहे का, तेवढं बघून या.