नववं धान्य

"मालिनी, हे इथे कोणी पेरलं?"

विष्णूकाका मागच्या कुंपणाशी गुडघे टेकून बसले होते. अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठाच्या ग्रीनहाउसमध्ये बावीस वर्षं बियाणं सांभाळणारा माणूस; स्वतःच्या अंगणात मात्र कोथिंबिरीपलीकडे मजल नाही. येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

"पेरतंय कोण? गेल्या दसऱ्यानंतर घटातली माती तिथे टाकली होती," मालिनीकाकू म्हणाल्या. "नऊ धान्यांत सातू कुठल्याच स्टोअरमध्ये मिळेना. तुमच्या स्वेटरला कुसळांच्या लोंब्या चिकटल्या होत्या, त्याच घातल्या. लॅबमधलं धान्यच ना ते?"

ते धान्य नव्हतं. भूमध्य समुद्राकाठचं रानगवत होतं, गव्हाच्या भावकीतलं; गव्हाच्या शेतात एकदा शिरलं की वर्षानुवर्षं न हटणारं. लोंबी पिकली की अख्खी गळते आणि जवळून जाणाऱ्याच्या अंगाला चिकटून चालू लागते. आत दाण्यांची जोडी. थोरला पहिल्याच वर्षी उगवतो, धाकटा मातीत दडून पुढच्या सालाची वाट पाहतो. काकांनी हे कितीतरी विद्यार्थ्यांना हौसेने सांगितलं होतं. निघताना कपडे झटका, ही पाटीही त्यांनीच लावलेली. दर शुक्रवारी नोंदवहीत 'बाहेर गेलेलं बी' या रकान्यात ते शून्य लिहीत, आणि त्या शून्याचा त्यांना भारी अभिमान होता.

"मग उपटून टाका ना. कोणाला कळणार आहे?" सगळं ऐकून काकू म्हणाल्या.

काकांनी सगळं मुळासकट उपटलं. पाच काड्या बोडक्या निघाल्या, वरची लोंबी गायब.

शेजारचा कुत्रा रोज या कुंपणाखालून घुसून पलीकडच्या गव्हाच्या शेतात हुंदडायचा. काकांनी त्याला बोलावलं आणि काकूंच्या कंगव्याने विंचरलं. चार लोंब्या निघाल्या. पुन्हा विंचरलं. चारच.

पलीकडे कापणीचं मशीन सुरू झालं.

"अहो, चार दिवस राहिलेत," काकू हळूच म्हणाल्या. "सेंड-ऑफ होऊ दे, मग सांगा."

काकांच्याही मनात तेच आलं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी फोन लावला. ग्रीनहाउसची प्रमुख अदिती याच देशात जन्मलेली, त्यांच्या मुलीच्या वयाची.

"हाय विष्णूकाका! केक एगलेस सांगितलाय, ओके?"

"अदिती, बी बाहेर गेलंय. माझ्या स्वेटरवरून."

तिने विचारलं, "हाऊ मेनी?"

मशीन कुंपणाला लागून चाललं होतं. धुळीत गहू दिसेनासा झाला.

"सापडलेली नाही अशी एक लोंबी," काका म्हणाले.

कुत्रा अजून पायाशीच होता. फोन ठेवून काकांनी कंगवा पुन्हा हातात घेतला.